धर्मादाय आणि हक्क : जालना जिल्ह्यातला एक जुना हिशेब

घनसावंगी आणि अंबड हे जालना जिल्ह्याचे दक्षिणेकडचे, गोदाकाठचे तालुके. दिवाळी सरली की इथल्या तांड्यांवर आणि वाड्यावस्त्यांवर ट्रक-ट्रॅक्टर येऊन उभे राहतात आणि मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीसाठी फडाकडे निघतात. एक जोडपे म्हणजे एक कोयता, अशी तिथली मोजणी. या कोयत्यांच्या मागे राहणाऱ्या लेकरांसाठी राज्य सरकारने २०२१ साली वसतिगृहांची योजना आणली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे, निम्मी मुलींची, निम्मी मुलांची. पहिल्या टप्प्यात जे दहा तालुके घेतले त्यांत हे दोन होते. योजनेला नाव दिले संत भगवानबाबांचे.

नाव योग्यच आहे. कष्टकरी समाजाने भगवानबाबांना मानले ते त्यांनी माळ घातली म्हणून आणि पोरे शिकवा म्हणाले म्हणूनही. पण नावाच्या पलीकडे एक प्रश्न उरतो. श्रद्धेतून निघालेला विचार सरकारी धोरणात उतरतो म्हणजे नेमके काय होते? गरिबाच्या हाती काही नवे येते, की पाटीवर संताचे नाव येते आणि आतली भाजी पूर्वीसारखीच पातळ राहते? हा प्रश्न महाराष्ट्रभर विचारता येईल, पण जालना जिल्ह्यात तो विचारण्यात एक सोय आहे. धर्म आणि दारिद्र्य यांची गाठ पडण्याचे जवळजवळ सगळे प्रकार या आठ तालुक्यांत किंवा त्यांच्या शिवेवर घडून गेले आहेत.

‘जालना सोने का पालना’ ही म्हण इथला माणूस अजून सांगतो. बियाण्यांचा व्यापार, लोखंडी सळयांचे कारखाने, मोंढा हे सगळे त्या म्हणीत बसते. म्हणीच्या बाहेर मात्र २०११ च्या जनगणनेतली साक्षरता ७१.५ टक्के आहे, जेव्हा राज्याची ८२ च्या वर होती. २०१२-१३ च्या दुष्काळात राज्यात सर्वांत जास्त पोळलेल्या जिल्ह्यांत जालना होता. शहराने टँकरवर दिवस काढले. १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून (आजच्या संभाजीनगरपासून) वेगळा झालेला हा मुलूख स्वातंत्र्याआधी निजामाच्या राज्यात होता, आणि इनामे, छावणी, मिशन, दर्गे, मठ असा सगळा वारसा त्याच काळातून आला. २०११ च्या सुमारे १९ लाख ६० हजार लोकसंख्येत मुस्लिम १४ टक्क्यांच्या आसपास आणि बौद्ध आठच्या जवळ होते.

संतांपासून सुरुवात करायची तर घनसावंगीतल्या जांब गावात १६०८ साली रामदासांचा जन्म झाला, आणि अंबडपासून फार दूर नसलेल्या पैठणला त्याआधी एकनाथ होऊन गेले. श्राद्धाचे अन्न आधी अस्पृश्यांना वाढणारे आणि वाळवंटात तापलेले महाराचे मूल कडेवर घेणारे एकनाथ मराठवाड्याच्या तोंडी आहेत. पण धोरणाच्या दृष्टीने पाहिले तर मला एकनाथांहून मंगळवेढ्याचे दामाजीपंत जास्त महत्त्वाचे वाटतात. ते बहामनी राज्याचे अधिकारी, बिदरच्या दरबाराला जबाबदार. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठार उघडले आणि धान्य वाटले. कथेत पुढे विठ्ठल महाराचा वेष घेऊन बिदरला जातो आणि मोहरा भरून पावती आणतो. भाविकाला त्यात देवाची माया दिसते. मला त्यात एका अधिकाऱ्याची अडचण दिसते, आणि ती आजही तीच आहे: कोठारात धान्य आहे, दारात माणसे आहेत, आणि वाटपाचा आदेश आलेला नाही. दामाजीने आपल्या खिशातून दान केले नाही, राज्याचे धान्य राज्यातल्या माणसांना दिले. दयेची गोष्ट म्हणून आपण ती सांगत आलो आणि त्यातला राज्यकारभार निसटून गेला.

तुकोबांचेही तसेच. १६३० च्या दुष्काळानंतर सावकारी घराच्या खतांपैकी आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडली, भावाच्या वाट्याची भावाला दिली, अशी परंपरा सांगते. वाटणी करून मग सोडणे, हा तपशील फार बोलका आहे. दुसऱ्याच्या पैशातून कर्जमाफी करायची नाही, हे त्यांना कळत होते. महाराष्ट्रात २०१७ ला शिवाजी महाराजांच्या नावाने आणि २०१९ ला जोतीराव फुल्यांच्या नावाने कर्जमाफ्या आल्या. जगभर पाहायचे तर २००० सालच्या आगेमागे ख्रिस्ती मंडळींनी बायबलमधल्या पन्नासाव्या वर्षीच्या ऋणमुक्तीचा आधार घेऊन गरीब देशांची कर्जे माफ करायची मोठी मोहीम चालवली आणि श्रीमंत देशांना काही प्रमाणात ती करावी लागली. ऋण माणसाला कायमचे बांधून ठेवू नये ही कल्पना बहुतेक धर्मांत आहे. सरकारी कर्जमाफीत ती अर्धीच येते, कारण मुकादमाची उचल, खासगी सावकाराचा कागद आणि भूमिहीनाचे हातउसने पैसे बँकेच्या यादीत नसतात. ऊसतोड्याच्या डोक्यावरचे कर्ज आजवर एकाही माफीत बसलेले नाही.

आता गावाकडे या. श्रद्धेचे अर्थकारण बघायचे असेल तर अखंड हरिनाम सप्ताह बघावा. पंधरा दिवस आधी मारुतीच्या पारावर बैठक बसते, घरटी पट्टी ठरते, कोणत्या दिवसाची पंगत कोणाकडे ते ठरते, विण्याच्या पहाऱ्याचे तास वाटले जातात. महाराजांचे मानधन, मंडप, स्पीकर, गॅस, किराणा असा सगळा खर्च लाखांच्या घरात जातो आणि काल्याच्या दुसऱ्या दिवशी जमाखर्च कागदावर लिहून देवळाच्या भिंतीला लागतो. पट्टी बुडवणाऱ्याचे नावही त्याच कागदावर असते. पोळ्या घरोघरून टोपल्यांनी येतात, आमटी देवळापुढच्या कढईत शिजते, आणि सात दिवस गावात कोणी उपाशी झोपत नाही. जे गाव ग्रामपंचायतीची घरपट्टी वर्षानुवर्षे थकवते, तेच गाव सप्ताहाची पट्टी आठ दिवसांत भरते. यावरून गावकऱ्यांना नावे ठेवणे सोपे आहे. मला त्यातून दुसरेच दिसते: हिशेब डोळ्यांसमोर असला आणि पंगतीत आपले पान असले की माणूस कर भरतो.

पण त्याच पंगतीत दुसरी गोष्टही बघावी लागते. बसायची ओळ आता बहुतेक ठिकाणी एक झाली आहे. कढईजवळ कोण उभे असते, वाढपी कोण असतात आणि बैठकीत पट्टी ठरवायला कोणाला बोलावतात, ही ओळ मात्र इतक्या लवकर एक झालेली नाही. अन्न सगळ्यांना मिळते, निर्णय सगळ्यांचा नसतो. पुढच्या सगळ्या लेखाजोख्यात हा फरक पुन्हा पुन्हा आडवा येईल.

हा फरक मोडण्याचा एक वेगळाच प्रयत्न एकोणिसाव्या शतकात जालन्यात झाला. नारायण शेषाद्री हे देशस्थ ब्राह्मण १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला पुन्हा जातीत घ्यायचे की नाही यावरून त्या वर्षी मोठे वादळ उठले आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या बाजूने उभे राहून सनातन्यांचा रोष ओढवून घेतला, ही हकीकत मराठी वाचकाला ठाऊक असते. स्वतः नारायण शेषाद्री पुढे कुठे गेले हे कमी जणांना माहीत असते. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीने निजामाच्या मुलखात, जालन्याच्या छावणीजवळ आले. सालारजंग दिवाण असताना त्यांनी निजाम सरकारकडून जमीन मिळवली आणि तिच्यावर बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. गावकुसाबाहेरच्या जातींतून आलेल्या माणसांना तिथे शेती, विहीर, शाळा आणि कारागिरीचे काम होते. १८९१ साली शेषाद्री वारले.

या प्रयोगाकडे नुसते धर्मांतर म्हणून पाहणारे बरेच आहेत. त्यात धर्मांतर होतेच, आणि मिशनवर अवलंबून राहण्याचा धोकाही होता. पण ज्याला गावच्या विहिरीवर पाय ठेवता येत नाही त्याला धर्मादाय धान्याऐवजी स्वतःची विहीर द्यायची, हे त्या काळात ना दरबाराला सुचले होते ना गावाला. शेषाद्रींनी जमीन मागितली ती राज्याकडे. म्हणजे त्यांचा प्रयोगही एका अर्थाने सरकारी धोरणावरच उभा होता.

त्या परंपरेतल्या माणसांना स्वतंत्र भारतात जो कायदा भेटला तो मात्र विचित्र होता. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने या यादीसाठी हिंदू असण्याची अट घातली. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात जागा मिळते. म्हणजे एकाच आज्याची नातवंडे, एकाच गल्लीत राहणारी, एकाच कामाला जाणारी, पण एकाच्या दाखल्यावर अनुसूचित जाती आणि दुसऱ्याच्या दाखल्यावर ओबीसी, केवळ रविवारी कोण कुठे जातो यावरून. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली. २०२२ मध्ये केंद्राने न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. अट काढण्याविरुद्ध मुद्दे आहेत, आणि ते सगळे लबाडीचे नाहीत: आधीच अपुऱ्या वाट्यात आणखी वाटेकरी आले तर सगळ्यात खालच्या जातींचे काय, हा प्रश्न मातंग वस्तीत विचारला तर कोणीही गंभीरपणे विचारेल. तरीही माझे मत स्पष्ट आहे. अस्पृश्यतेने माणसाला दाबले तेव्हा तिने त्याचा देव विचारला नव्हता, मग भरपाई देताना सरकारने तो का विचारावा?

बौद्धांची वाट याहून निराळी. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर मराठवाड्यात ज्या वस्त्यांनी जुनी कामे, जुने मान आणि त्यांच्याबरोबर येणारे बलुते सोडले त्यांनी उत्पन्नाचे एक साधनही सोडले. मेलेले ढोर ओढायला नकार देणे ही धर्माची गोष्ट होती, आणि दुसऱ्या दिवशी भाकरी कुठून आणायची ही राजकारणाची. म्हणून या चळवळीने दान मागितले नाही, जमीन मागितली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये मराठवाडा-खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि १९६४-६५ मध्ये तो देशभर गेला. गायरानावर कसणाऱ्या दलित कुटुंबांचा ताबा नियमित करण्याचे आदेश सरकारला काढावे लागले. १४ एप्रिल १९९० ही त्यासाठीची मुदत म्हणून ठरली, आणि ती तारीख आंबेडकर जयंतीची आहे हे योगायोगाने झालेले नाही. दादासाहेबांच्या नावाने २००४ पासून सबलीकरण योजनाही आहे: भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती. योजना चांगली. अडचण एवढीच की सरकार ज्या भावाने घेऊ म्हणते त्या भावाने कोणी जमीन विकत नाही, आणि विकलीच तर मुरमाड माळ. गायरानाचे सातबारे अजून कित्येकांच्या नावावर चढलेले नाहीत, आणि २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अतिक्रमण काढण्याची नोटीस केव्हा येईल याचा नेम राहिलेला नाही.

विनोबांचे भूदान याच पूर्वीच्या निजामी मुलखात, तेलंगणातल्या पोचमपल्लीला, एप्रिल १९५१ मध्ये सुरू झाले. विनोबांनी गीतेतून यज्ञ-दान-तप घेतले आणि जमीनदाराच्या मनाला हात घातला. गायकवाडांनी कायद्याला हात घातला. भूदानात मिळालेल्या जमिनींचे पुढे काय झाले हे सर्वांनाच ठाऊक आहे. बरीचशी कसण्याजोगी नव्हती, बरीचशी कागदावरच राहिली. विनोबांच्या तपाबद्दल आदर ठेवूनही म्हणावे लागते की देणाऱ्याच्या मनावर सोडलेली जमीन घेणाऱ्याच्या पदरात फार कमी पडली.

श्रद्धेतला विचार हक्कात उतरल्याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण रोजगार हमीचे. वि. स. पागे हे गांधीवादी, संतवाङ्मयाचे अभ्यासक, आणि १९६० पासून अठरा वर्षे विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम ही कल्पना त्यांनी मांडली आणि तिचा पहिला प्रयोग तासगाव तालुक्यातल्या विसापुरात झाला. १९७२ च्या दुष्काळाने ती राज्याच्या गळी उतरवली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या बायका अजून खडी फोडण्याच्या, मिलो ज्वारीच्या आणि सुकडीच्या आठवणी सांगतात. हजेरीपटावर अंगठा उठवायचा, आठवड्याने पगार, आणि पगार कमी आला तर मुकादमाला जाब विचारायचा. जाब विचारणे महत्त्वाचे, कारण अन्नछत्रात जाब विचारता येत नाही. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवून त्याचा पैसा उभा केला गेला, आणि २००५ साली देशाने तो धडा गिरवला.

एकट्या पाग्यांच्या अध्यात्मातून हा कायदा आला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. लाल निशाण पक्षापासून समाजवाद्यांपर्यंत अनेकांनी मजुरांचे मोर्चे काढले, त्यांत बायका पुढे होत्या. पाग्यांनी दिली ती एक नैतिक बैठक, की काम मागणारा माणूस याचक नाही. ती बैठक संतांच्या कष्टविचाराशी नाते सांगते, आणि घटनेच्या ४१ व्या अनुच्छेदाशीही.

यानंतरची गोष्ट पाण्याची, आणि तिच्यावर थोडे रेंगाळायला हवे. जालन्याजवळचे कडवंची गाव आज द्राक्षांसाठी आणि शेततळ्यांसाठी ओळखले जाते. उन्हाळ्यात तिथे बसगाड्या भरून शेतकरी बघायला येतात. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे पाणलोटाचे काम झाले ते मराठवाडा शेती सहाय्य मंडळ आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या हातून, विजयअण्णा बोराड्यांच्या मार्गदर्शनाखाली. पैसा होता इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचा, नाबार्डमार्फत आलेला. आणि हा कार्यक्रम ज्याच्या डोक्यातून निघाला तो माणूस जेझुइट धर्मगुरू होता: फादर हर्मन बाखर, १९२४ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले, १९४८ पासून भारतात, पुढे अहमदनगरच्या सोशल सेंटरचे. त्यांच्याबरोबर क्रिस्पिनो लोबो. १९९३ मध्ये त्यांनी ‘वॉटर’ ही संस्था उभी केली. देशपातळीवर १९९९-२००० च्या अर्थसंकल्पात पाणलोट विकास निधीची घोषणा झाली आणि तो नाबार्डकडे आला, त्यामागे या अनुभवाचा वाटा होता.

धर्मगुरूने सुरू केलेल्या कार्यक्रमात धर्माचे नावही नव्हते, ही त्यातली खुबी. माथा ते पायथा काम करायचे: वर डोंगरउतारावर सलग समतल चर, मध्ये बांधबंदिस्ती, खाली नाल्यावर बंधारे. गावाने श्रमदान केले तरच पैसा. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ग्रामसभेने ठरवायची. राळेगणसिद्धीत यादवबाबांच्या देवळात राहून अण्णा हजाऱ्यांनी १९७५ नंतर जी पंचसूत्री बसवली तिचेच हे जवळचे भावंड, आणि तिच्यावरून सरकारने १९९२ मध्ये आदर्श गाव योजना केली. एकाकडे वारकरी देऊळ, दुसऱ्याकडे जेझुइट शिस्त. दोघांनाही कळले होते की माथ्यावरचा चर खणायला ठेकेदार चालत नाही, आणि उतारावरचे गवत राखायला शपथ लागते. पुढे सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेत शपथ गाळली गेली, जेसीबी राहिला.

पण या यशाची दुसरी बाजू पाणलोटवाल्यांनीही कधी लपवली नाही. चराईबंदी झाली की शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी वाढते आणि धनगराच्या शेळ्या-मेंढ्यांचे रान बंद होते. ज्याला जमीन नाही त्याला विहीर नाही, म्हणून वाढलेल्या पाण्यात त्याचा वाटा म्हणजे वाढलेली मजुरी एवढाच. कडवंचीत मजुरी वाढली हे खरे, स्थलांतर घटले हेही खरे. पण आता शेततळी प्लास्टिक अंथरून बोअरच्या पाण्याने भरली जातात, म्हणजे सर्वांचे भूजल एकाच्या तळ्यात उघड्यावर साठते. श्रमदान सगळ्यांचे होते, पाणी सातबाऱ्याप्रमाणे वाटले गेले. पंगत एक आणि निर्णय वेगळा, हे इथेही आलेच.

वक्फ आणि इनामाचा भाग थोडक्यात. औरंगाबादच्या पाणचक्कीवर दर्ग्यातल्या फकिरांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी दळण दळले जाई, ही अन्नछत्राची सुंदर यंत्रणा होती. असल्या संस्थांना चालवण्यासाठी निजामी मुलखात मदतमाश (निर्वाहासाठीच्या) आणि खिदमतमाश (सेवेबद्दलच्या) जमिनी दिल्या गेल्या, देवळांना तशाच दर्ग्यांनाही. १९५४ च्या इनाम निर्मूलन कायद्यानंतर त्यांचे जे झाले त्याने फक्त वकिलांची घरे भरली. आज यांतल्या किती जमिनीवर गरिबाचे अन्न शिजते हे विचारले की हिंदू विश्वस्त आणि मुस्लिम मुतवल्ली दोघेही सारखेच गप्प बसतात. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्यावर दोन्हीकडून पुष्कळ बोलले गेले. त्या बोलण्यात जमीन कसणाऱ्या कुळाचे नाव आले नाही.

श्रद्धेतून आलेले प्रत्येक धोरण गरिबाच्या बाजूचे असते असे समजू नये. मार्च २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी बैल-वळूंपर्यंत वाढली. गायीबद्दलची श्रद्धा खरी आहे आणि घटनेच्या ४८ व्या अनुच्छेदात तिला आधारही आहे. पण दुष्काळी शेतकऱ्याच्या दावणीला बांधलेला म्हातारा बैल हा त्याचा शेवटचा विमा होता. बाजारात त्याला गिऱ्हाईक उरले नाही, कुरेशी समाजाचा धंदा बुडाला, मोकाट जनावरे दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरू लागली. ३० सप्टेंबर २०२४ ला देशी गायीला राज्यमाता-गोमाता म्हटले गेले आणि गोशाळांना दिवसाला गायीमागे ५० रुपये द्यायचे ठरले. गोशाळेला अनुदान मिळाले, बैल सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला काही नाही. पुण्य समाजाने घ्यायचे आणि वैरण एकट्याने घालायची, ही वाटणी न्यायाची नव्हे. श्रद्धा कायद्यात आणायची असेल तर तिचा खर्चही सरकारी तिजोरीतून गोठ्यापर्यंत पोचला पाहिजे.

आणि उपोषण. २९ ऑगस्ट २०२३ ला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि एका रात्रीत ते गाव राज्याच्या राजकारणाचे केंद्र झाले. निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती आली. जून २०२४ मध्ये तिथून जवळच वडीगोद्रीत लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसींच्या वाट्याच्या रक्षणासाठी बसले. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटमधल्या कुणबी नोंदींबद्दलचा शासन निर्णय निघाला, तोही जरांगे यांच्या मुंबईतल्या उपोषणानंतर. दोन्ही मंडपांची रचना सप्ताहासारखीच: गावोगावहून टेम्पोने भाकऱ्या, पिठले, ठेचा, येणाऱ्या प्रत्येकाला पाणी, रात्रभर जागर.

उपास हे व्रत, ते राजकारणात गांधींनी आणले. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरचे देऊळ हरिजनांना उघडावे म्हणून प्राण पणाला लावले, तेव्हा ज्यांच्यासाठी ते उपाशी होते ती माणसे त्यांच्या जातीची नव्हती. आज उपोषण आपल्या वाट्यासाठी होते. त्यात गैर काही नाही. शेतीत पिळून निघालेल्या मराठा पोराचे दुखणे खरे आहे आणि वाटा जाईल ही ओबीसी पोराची भीतीही खरी आहे. पण उपोषणाने सरकारकडून तारीख मिळते, आकडा मिळत नाही. किती जागा, किती नोकऱ्या, कोणत्या शेतकऱ्याला कोणता भाव, हे गणित सलाईन लावलेल्या माणसाच्या उशाशी बसून सुटत नाही. जालन्याच्या या दोन गावांत दोन वर्षे जे चालले त्यात शेतीच्या उत्पन्नाबद्दल किती बोलले गेले हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

राहता राहिला देवस्थानांचा पैसा. सिद्धिविनायक न्यासाने २०१५ मध्ये जलयुक्त शिवारासाठी प्रत्येक जिल्ह्याला एक कोटी रुपये दिले. २०१८ मध्ये धर्मादाय आयुक्तांनी जिल्ह्याजिल्ह्यांत विश्वस्त संस्थांना एकत्र करून शेतकऱ्यांच्या मुलामुलींचे सामुदायिक विवाह लावायला सांगितले. हुंड्याच्या कर्जातून शेतकरी वाचतो म्हणून मला हे दुसरे काम पहिल्यापेक्षा मोलाचे वाटते. पण दोन्ही ठिकाणी देणारा ठरवतो आणि घेणारा रांगेत उभा राहतो.

या सगळ्या पसाऱ्यात एक जागा अशी आहे जिथे धर्मादाय आणि हक्क कायद्यानेच एकत्र बांधले आहेत, आणि तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१कक आणि त्यावर उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आखून दिलेली योजना. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या आणि या कलमाखाली येणाऱ्या रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, आणि एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी ठेवायची. वर्षाचे उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. कोणत्याही संताचे नाव या कलमाला नाही, म्हणून त्याच्या पाट्याही लागत नाहीत. घरातले कोणी आजारी पडून जालन्याला, संभाजीनगरला किंवा पुण्याला न्यायची वेळ आली, तर रुग्णालय धर्मादाय आहे का हे आधी विचारा, रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला बरोबर ठेवा, आणि खाट शिल्लक नाही असे उत्तर आले तर ते लेखी मागून जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज द्या.